बॅटरी कोठे बसविली, हा प्रश्न आधी

पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी घ्यावयाची, तिचे इंजिन उतरवून त्या जागी विजेची मोटर बसवावयाची आणि बॅटऱ्यांच्या बळावर ती रस्त्यावर आणावयाची, हा उद्योग आता आपल्याकडेही काही हौशी मंडळी आणि गॅरेजवाले करू लागले आहेत. अशी गाडी कोणी तयार केली, की बघावयास जमलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एकदा चार्ज केल्यावर किती किलोमीटर जाते? वेग किती? खर्च किती आला? तीनही प्रश्न रास्त आहेत. परंतु ज्या प्रश्नावर गाडीतील माणसांचा जीव अवलंबून असतो, तो चौथा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. बॅटऱ्या कोठे ठेवल्या आहेत आणि त्या कशाने धरून ठेवल्या आहेत? या प्रश्नाचे नीट उत्तर ज्याला देता येते त्याने गाडी बांधली, असे म्हणावे. बाकीच्यांनी गाडीत बॅटऱ्या भरल्या, इतकेच.

दुर्दैवाने आपल्या कायद्यातही हा प्रश्न एकेका गाडीपाशी उभे राहून विचारण्याची सोय नाही. त्यामुळे काळजीपूर्वक काम करणारा मिस्त्री आणि बेफिकीर उटपटांग्या हे दोघेही कायद्याच्या नजरेत सारखेच ठरतात. हा अन्याय तर आहेच. पण त्याहून अधिक तो धोका आहे. तो का, हे समजण्यासाठी प्रथम ओझ्याचा हिशेब मांडला पाहिजे.

घरगुती रूपांतराचा हा छंद अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुना आहे. कॅलिफोर्नियात अशा हौशी मंडळींची संघटना १९६७ मध्येच स्थापन झाली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या, तेव्हा या छंदाला एकदम गांभीर्य आले. त्या काळातील सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या गाड्यांची ६ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी. एका बॅटरीचे वजन सुमारे २८ किलो. छोट्या मोटारीला ९६ व्होल्ट हवे असतील, तर अशा १६ बॅटऱ्या लागतात. म्हणजे जवळजवळ ४५० किलो. कागदावर त्यांत २१ युनिटांहून थोडी अधिक वीज मावते, परंतु ती तासा-दीड तासात उपसून काढली तर हाती निम्म्याच्या आसपासच पडते. आता आपल्या परिचयाची मारुती ८०० घ्या. रिकाम्या गाडीचे वजन साधारणपणे ६५० किलो. इंजिन, पेट्रोलची टाकी, रेडिएटर, धुराडे हे सारे उतरविले, तरी बॅटऱ्या चढविल्यावर जी भर पडते ती चार माणसांच्या वजनाहून अधिक असते. थोडक्यात, माणसे बसण्यापूर्वीच गाडी भरलेली असते. तिचे ब्रेक, स्प्रिंगा, टायर आणि बेअरिंग यांना हे ओझे कोणी विचारून दिलेले नसते.

हे ओझे ठेवावयाचे कोठे? नवशिका कारागीर जेथे मोकळी जागा दिसते तेथे हात घालतो. बॉनेटखाली इंजिनाची जागा रिकामी झालेली असते आणि मागे डिकी मोकळीच असते. आठ बॅटऱ्या पुढे, आठ मागे. वजन दोन्हीकडे सारखे विभागले, असे समाधान तो मानतो. तराजूच्या दृष्टीने हे खरेही आहे. पण ज्याने खांद्यावर कावड वाहिली आहे, त्याला यातील फसवणूक चटकन कळेल. दोन्ही टोकांना घागरी लावलेली कावड सरळ वाटेवर सुखाने चालते. वळणावर मात्र ती माणसालाच फिरवू पाहते आणि एकदा फिरू लागली की थांबत नाही. तेच वजन पाठीवरच्या पोत्यात असते, तर माणूस हवा तसा वळला असता. वळण्याला होणारा हा विरोध वजन मध्यापासून जितके लांब, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; अंतर दुप्पट झाले की विरोध चौपट. गाडी वळणावर अचानक सावरावी लागते तेव्हा, म्हणजे समोर सायकलवाला आडवा आला किंवा घाटात दरडीचा दगड दिसला तेव्हा, या कावडीचा हिशेब चुकता करावा लागतो.

त्यातही मागच्या चाकांच्या पलीकडे, डिकीच्या अगदी टोकाला ठेवलेले वजन सर्वांत वाईट. ते मागच्या आसाला दाबते एवढेच नव्हे, तर तरफेप्रमाणे पुढची चाके उचलू पाहते. ज्या चाकांनी दिशा द्यावयाची आणि ब्रेकचा बहुतांश भार सोसावयाचा, त्यांचीच रस्त्यावरील पकड कमी होते. जोराने ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, हे गृहीत धरून कारखान्यातील अभियंत्याने पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे प्रमाण ठरविलेले असते. ते प्रमाण त्या विशिष्ट वजनमांडणीसाठी असते. मांडणी बदलली आणि ब्रेक तसेच ठेवले, तर ओल्या रस्त्यावर कोणती चाके आधी घसरतील हे सांगता येत नाही. मागचा भाग खाली बसला म्हणून जाड पाट्याची किंवा कडक स्प्रिंग बसवून मोकळे होणारे मिस्त्री आपण पाहतो. त्याने गाडी दिसावयास सरळ होते. तिचा तोल होता तेथेच राहतो.

उंचीचा मुद्दा तर सांगावयासच नको. सीटच्या पाठीएवढ्या उंचीवर रचलेल्या बॅटऱ्या आणि फरशीच्या पातळीखाली बसविलेल्या बॅटऱ्या यांतील फरक एस.टी.च्या टपावर लादलेल्या सामानाच्या काळातील प्रवाशांना तरी समजावून देण्याची गरज नाही. मोठ्या कारखान्यांनी हा धडा पूर्वीच गिरविला आहे. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये रस्त्यावर आणलेल्या ‘ईव्ही-वन’ या गाडीत ५३३ किलो वजनाच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या. त्या इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकारात गाडीच्या मधल्या बोगद्यातून आणि सीटमागून ठेवल्या होत्या. आपल्या बंगळूरहून २००१ मध्ये आलेल्या ‘रेवा’मध्ये ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या पुढच्या सीटांखाली होत्या. आज रस्त्यावर येणाऱ्या बहुतेक विजेच्या मोटारींत तर बॅटरी ही फरशीखालची सपाट पेटीच असते. वजन मध्याकडे आणि खाली, तत्त्व एकच.

घरच्या कारागिराची अडचण अशी, की त्याच्यापुढील जुनी गाडी या तत्त्वासाठी बनलेली नसते. फरशी कापून पेटी घालावी तर गाडीचा कणाच दुबळा होतो. म्हणून त्याला गाडीने स्वतःहून दिलेल्या जागा शोधाव्या लागतात. पेट्रोलच्या टाकीची मागच्या सीटखालची जागा, मधला बोगदा, स्टेपनीचा खळगा, क्वचित पुढच्या बाजूस आसाच्या मागे असलेली पोकळी. चार ठिकाणी चार लहान पेट्या कराव्या लागतात, आणि प्रत्येक पेटीबरोबर केबलचा एक फेरा, एक फ्यूज, एक झाकण आणि चुकण्याची एक संधी वाढते. कारागिराची पारख येथे होते. हा मनुष्य प्रथम पुठ्ठ्याच्या बॅटऱ्या करतो, त्या गाडीत लावून पाहतो, चारही चाकांखाली काटे ठेवून वजन करतो, आणि मगच अँगल कापावयास घेतो. हे दोन महिन्यांचे कंटाळवाणे काम कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुकही होत नाही.

पत्रा फाटतो, बोल्ट नव्हे

जागा ठरली, तरी निम्मेच काम झाले. ऑस्ट्रेलियात अशा रूपांतरासाठी जी राष्ट्रीय मार्गदर्शिका आहे, तिची अपेक्षा अशी, की समोरून धडक बसली तर बॅटऱ्यांना धरून ठेवणारी चौकट त्यांच्या वजनाच्या २० पट बल सहन करील. बाजूने १५ पट. मागून आणि उभ्या दिशेने १० पट. आकडे वाचावयास सोपे वाटतात. चार शिसे-आम्ल बॅटऱ्यांची एक पेटी म्हणजे ११२ किलो. तिच्या २० पट म्हणजे सव्वादोन टन. गाडी भिंतीवर आदळण्याच्या त्या क्षणार्धात मागच्या सीटवरील मुलांच्या पाठीशी असलेली ही पेटी सव्वादोन टनांच्या जोराने पुढे येऊ पाहणार आहे. लाकडाची पाचर, नायलॉनचा पट्टा किंवा खिडकीच्या गजासारखी एक पट्टी तिला अडवील, असे ज्याला वाटते त्याने या व्यवसायात पडू नये.

गंमत अशी, की बहुधा दोष बोल्टचा नसतो. चांगल्या प्रतीचा १० मिलिमीटरचा एक बोल्ट तीन टनांहून अधिक ताण सहन करतो. असे सहा बोल्ट लावले की काम झाले, असे म्हणून मिस्त्री मोकळा होतो. परंतु तो बोल्ट ज्या फरशीच्या पत्र्यातून आरपार गेलेला असतो, तो पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. धडकेत बोल्ट तुटत नाही. छोट्या वायसरसकट तो पत्र्यातून उपटून येतो, जसे कापडातून बटण येते. म्हणून जाणता कारागीर पत्र्याच्या खालून हाताच्या पंज्याएवढी जाड पट्टी देतो, शक्य तेथे पेटी गाडीच्या मुख्य आडव्या-उभ्या पट्ट्यांना बांधतो, आणि पोकळ पट्टीतून बोल्ट नेताना ती चेपू नये म्हणून आत नळीचा तुकडा बसवितो. पेटीला वरून झाकणारी पट्टीही तितकीच मजबूत हवी. गाडी उलटली म्हणजे तळ हे छप्पर होते, हे विसरून चालत नाही.

शिसे-आम्ल बॅटरीचे आणखी दोन उपद्रव आहेत. चार्जिंगच्या अखेरीस तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. सीटखाली अशी पेटी असेल, तर ती माणसांच्या बाजूने पूर्ण बंद आणि बाहेरच्या बाजूने वाहती हवा असलेलीच पाहिजे. आणि तो वायू ओढणाऱ्या पंख्यानेच ठिणगी टाकता कामा नये. दुसरा उपद्रव आम्लाच्या तुषारांचा. लोखंडी अँगल ते दोन पावसाळ्यांत पोखरतात. शिवाय बॅटरीच्या माथ्यावर जी ओलसर काजळी साचते, तिच्यातून विजेची गळती गाडीच्या अंगापर्यंत पोहोचते. म्हणून पेटीला आतून प्लॅस्टिकचे अस्तर हवे, आणि प्रत्येक बॅटरीच्या टोपणापर्यंत हात पोहोचेल अशी जागा हवी. जेथे हात पोहोचत नाही तेथे डिस्टिल्ड वॉटरही पोहोचत नाही. सोळा बॅटऱ्यांच्या ओळीत एक कोरडी पडली, की उरलेल्या पंधरांना तिच्याच चालीने चालावे लागते.

काठमांडूचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे १९९३ मध्ये डिझेलच्या तीनचाकी विक्रम टेम्पोचे विजेवर रूपांतर करण्याचा प्रयोग अमेरिकी मदतीने झाला, आणि त्यातून ‘सफा टेम्पो’ जन्माला आला. ७२ व्होल्टसाठी ६ व्होल्टच्या १२ बॅटऱ्या. दिवसभर प्रवासी वाहावयाचे तर एका भरणीवर भागत नव्हते; म्हणून रिकाम्या बॅटऱ्या काढून चार्ज केलेल्या चढविण्याची पद्धत पडली. बॅटरी रोज हाताळावी लागणार, हे तेथे पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि तिची जागा त्या हिशेबाने ठरली. प्रतिष्ठेच्या मोठमोठ्या योजना विरून गेल्या. हे ओबडधोबड वाहन पुढे शेकड्यांनी धावले, आणि त्यातील अनेक चालविणाऱ्या स्त्रिया होत्या.

आता कोणी म्हणेल, की शिशाचा जमाना गेला. लिथियमच्या बॅटरीने हे सारे प्रश्न मिटविले. वजनाचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला, हे कबूल. जे काम ४५० किलो शिसे करीत होते, ते लिथियम-लोह-फॉस्फेटच्या सुमारे सव्वाशे किलोंत होते. हायड्रोजनची आणि पाणी घालण्याची कटकटही गेली. पण सव्वाशे किलोंच्या २० पट म्हणजे अडीच टन होतातच. आणि जे नवे प्रश्न आले ते अधिक निर्दय आहेत. शिसे चुकीला आम्लाच्या डागाने शिक्षा करीत असे. लिथियम आगीने करते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरने आणि त्याच वर्षी जूनमध्ये वसईत एका मोटारीने पेट घेतला, हे वाचकांना आठवत असेल. ती कारखान्यात बनलेली, चाचण्या पार केलेली वाहने होती. त्या वर्षीच्या घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक केले, ते योग्यच झाले. मग भंगारातून आणलेल्या, कोणत्या अपघातातून उतरविल्या आहेत हे ठाऊक नसलेल्या सेलची पेटी घरी जोडणाऱ्याने किती सावध असावयास हवे!

ही सावधगिरी बारीकसारीक गोष्टींत असते. चपटे लिथियम सेल वापरात किंचित फुगतात. त्यांना दोन्ही टोकांस जाड पट्ट्यांमध्ये दाबून धरावे लागते, आणि त्यांना जोडणारी पट्टी लवचीक नसेल, तर गाडीच्या प्रत्येक हादऱ्याबरोबर सेलच्या टोकावर ताण येतो. ढिल्या सांध्याचे गणित तर प्रत्येक वायरमनला पाठ हवे. सांध्याचा विरोध ओहमच्या हजारांश भागाएवढाच, पण प्रवाह २०० अँपिअर असेल, तर त्या एका बिंदूवर ४० वॅट उष्णता निर्माण होते. विरोध पाचपट झाला की २०० वॅट. म्हणजे बंद पेटीत, सेलच्या डोक्यावर, डाख देण्याची तापलेली खंतीच ठेवल्यासारखे झाले. म्हणून थिंबल हातोडीने ठोकून नव्हे, तर हायड्रॉलिक यंत्राने दाबून बसवावयाचे असते आणि बोल्ट नेमक्या ताणापर्यंत आवळणारा पाना वापरावयाचा असतो. केबल पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे हवे, नाही तर पत्र्याची धार वर्षभरात तिचे आवरण कापते. आणि घरच्या मीटरजवळ असतो तो एम.सी.बी. येथे चालत नाही. घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तो तिची ठिणगी विझवू शकतो. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, आणि तिची ठिणगी तो एम.सी.बी.च जाळून टाकते. एकसरी विजेसाठीच बनविलेला फ्यूज हवा, आणि बॅटऱ्या दोन पेट्यांत असतील तर प्रत्येक पेटीत तो हवा.

आपल्या हवामानाने या यादीत स्वतःची भर घातली आहे. फरशीखालची पेटी गुरुत्वमध्यासाठी उत्तम; पण आपल्या गतिरोधकांची उंची आणि पावसाळ्यात साचणारे गुडघाभर पाणी विचारात घेतले, की तिला खालून जाड कवच आणि पाणी न शिरणारी जोडणी लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी जी हजारो वाहने पाण्यात उभी होती, त्यांच्या तळाशी शंभर-दीडशे व्होल्टच्या पेट्या असत्या तर काय, हा विचार रूपांतर करणाऱ्याने अवश्य करावा. विदर्भातील मिस्त्रीपुढे वेगळेच प्रकरण आहे. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखालील सेल आणि सीटखालील सेल यांचे तापमान सारखे नसते. जे अधिक तापतात ते आधी म्हातारे होतात, आणि मग पुन्हा एकाच्या चालीने सगळ्यांची चाल ठरते.

तपासावयाचे कोणी?

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व ठामपणे उचलून धरले. विजेच्या रूपांतरासाठी मात्र जून २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक दार ठेवण्यात आले. एखाद्या उत्पादकाने रूपांतराचा संपूर्ण संच तयार करावयाचा, तो पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावयाचा, आणि मग त्या उत्पादकाने नेमलेल्या कारागिराने तो ठरावीक गाड्यांत बसवावयाचा. त्यानंतर आर.टी.ओ.त पासिंग होते. ज्या गाड्या लाखोंनी रस्त्यावर आहेत त्यांच्यासाठी ही व्यवस्था समंजस आहे. एकदा नीट चाचणी झालेली मांडणी हजार गाड्यांत तशीच उतरते, आणि जबाबदार कोण हेही स्पष्ट राहते.

परंतु ज्याच्यापाशी एखादी जुनी जीप आहे, वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, किंवा ज्या गाडीसाठी कोणी संच बनविणारच नाही अशी गाडी आहे, त्याच्यासाठी हे दार बंदच आहे. एका गाडीसाठी संचाची मंजुरी घेणे हा खर्च कोणालाही परवडणारा नाही. परिणाम काय होतो? काम थांबत नाही. ते आडोशाला जाते. गाडी नोंदणीपुस्तकात पेट्रोलची राहते आणि रात्री शेताच्या वाटेने विजेवर फिरते. तिच्या पेटीवर कोणा जाणत्याची नजर कधीच पडत नाही. अपघात झालाच, तर विमा कंपनी हात वर करते आणि अग्निशमन दलाच्या जवानाला आपण कोणत्या गाडीशी झुंजत आहोत हे कळत नाही. ज्या कामाला तपासणीची सर्वाधिक गरज, तेच काम आपण तपासणीच्या बाहेर ढकलून ठेवले आहे.

अन्य देशांनी यातून मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाला स्वतंत्र मंजुरी देण्याची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात वर उल्लेखिलेली मार्गदर्शिका हाती घेऊन मान्यताप्राप्त अभियंता गाडी तपासतो आणि सही करतो. न्यूझीलंडमध्ये हौशी मोटारकारांच्या संघटनांनीच सरकारच्या मान्यतेने तांत्रिक संस्था उभी केली आहे. तिचा तपासनीस फेरफार केलेली गाडी पाहतो आणि योग्य ठरल्यास तिच्यावर तपशिलाची पट्टी बसविली जाते. या कोणत्याही देशात तपासनीस हे विचारत नाही, की संच कोणत्या कंपनीचा आहे. तो वाकून पेटीखाली बघतो.

आपल्याकडे अशी सवलत दिली तर वाटेल तो वाटेल ते रस्त्यावर आणील, ही भीती खोटी नाही. तिला खतपाणी घालण्यात आम्हा वृत्तपत्रवाल्यांचाही वाटा आहे. कोणी भंगारातून गाडी उभी केली, की आम्ही ‘जुगाड’ म्हणून तिचे छायाचित्र छापतो, निर्मात्याला बुद्धिमान ठरवितो, आणि पेटी कशाने बांधली आहे हे विचारीत नाही. कल्पकता आणि कारागिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल्पकतेने गाडी पहिल्या दिवशी चालते. पाच वर्षे खड्ड्यांतून चालूनही तिचा एक बोल्ट ढिला न होणे हे दुसऱ्या गुणाचे काम आहे, आणि त्या गुणाची या राज्यात वानवा नाही. एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत चासीवर बसचा सांगाडा उभारण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात केवळ नमुना पाहून यंत्राचा भाग घडविणारे हात आहेत. गावोगावच्या बॉडी बिल्डरांनी बांधलेल्या ट्रकच्या हौद्यांखालून आपण रोज निर्धास्तपणे जातो. या मंडळींना ‘संच विकत घ्या, नाही तर हात लावू नका’ असे सांगणे म्हणजे त्यांच्या शहाणपणाचा अपमान करणे होय. आणि ‘काय हवे ते करा’ असे सांगणे हा पादचाऱ्याशी द्रोह होईल.

मधला मार्ग फार गुंतागुंतीचा नाही. वजन मूळ गाडीच्या कमाल मर्यादेबाहेर जाता कामा नये आणि प्रत्येक आसावरचे वजन काट्यावर दाखविले पाहिजे. बॅटरी पुढच्या आणि मागच्या चेपणाऱ्या भागांत असू नये. चौकटीचे गणित अभियंत्याच्या सहीने जोडलेले असावे, पेटी बंद करण्यापूर्वीच तपासनीसाने आतील जोडणी पाहिलेली असावी, कारण झाकण लावल्यावर सगळ्याच पेट्या सुबक दिसतात. बाहेरून ओढता येईल असा वीज तोडण्याचा खटका आणि त्याची खूण काचेवर असावी. शुल्क इतके असावे, की सामान्य गॅरेजवाल्याला ते देणे लपविण्यापेक्षा स्वस्त वाटेल. यांत नवे शोधून काढावयाचे असे काही नाही.

तपासनीस कोठून आणावयाचे, ही शेवटची सबब. तिचे उत्तर आपल्या महाविद्यालयांत आहे. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे संघ गेली काही वर्षे स्वतः बांधलेल्या विजेच्या शर्यती गाड्या घेऊन कोइमतूर येथील ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरतात. प्रत्येक गाडी एकुलती एक असते. तिला कोणत्याही संचाची मंजुरी नसते. तेथे बॅटरीची पेटी उघडून, चौकट, फ्यूज, आवरण यांची नियमपुस्तकाप्रमाणे तपासणी झाल्याखेरीज गाडी धावपट्टीवर सोडीत नाहीत, आणि त्या तपासणीत नापास होऊन रात्रभर जागून पेटी पुन्हा बांधणारी मुले दरवर्षी असतात. अशी मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. उद्यमनगरातील एखाद्या मिस्त्रीने बांधलेल्या पेटीत काय पाहावयाचे, हे त्यांना नेमके ठाऊक असते. ती पाहून सही करण्याचा अधिकार मात्र आज त्यांच्यापैकी कोणालाही नाही.